कॅमेरा दिसतोय, पण साठवतोय का? स्वस्तातला डीव्हीआर बिघडतो तेव्हा

एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी धायरीच्या आमच्या रो-हाउसच्या अंगणातला पितळी नळ गायब होता. पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. म्हणजे पाणी वाया जाऊ नये एवढी काळजी चोरालाही होती. शेजारच्या काकू कंपाउंडवरून डोकावून म्हणाल्या, "अरे, तुमच्याकडे चार-चार कॅमेरे आहेत ना? बघ की कोण ते."

मी ऐटीत टीव्ही लावला. चारही चौकोनांत लख्ख चित्र. रात्रीचं रेकॉर्डिंग शोधायला गेलो तर कॅलेंडरवर ती तारीख कोरी. आदला दिवस कोरा, त्याच्या आदलाही कोरा. शेवटचं रेकॉर्डिंग होतं आदल्या गुरुवारी सकाळचं, लाइट जायच्या आधीचं. काकू अजून कंपाउंडला टेकून उभ्याच होत्या.

त्या दिवसापासून दोन आठवडे मी या खोक्याच्या मागे लागलो. आमचा सेट अगदी साधा आहे: चार कॅमेरे, एक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं खोकं, आणि त्यात 1 टीबीची हार्ड डिस्क. वडिलांनी तीन वर्षांपूर्वी "बसवून सगळं मिळून" अशा भावात घेतलेला. असे सेट पुण्यात घरोघरी आहेत आणि ते साधारण सारख्याच कारणांनी बिघडतात. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. टीव्हीवर दिसणारं चित्र आणि डिस्कवर साठणारं चित्र यांच्या वाटा वेगळ्या आहेत. कॅमेऱ्याचं चित्र वायरीतून डीव्हीआरमध्ये येतं आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा सरळ टीव्हीकडे जातो. दुसऱ्या फाट्यावर चित्र दाबून लहान केलं जातं आणि डिस्कवर लिहिलं जातं. डिस्क मेली, निघाली किंवा मुळात बसवलीच नसली, तरी पहिल्या फाट्याला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे "कॅमेरा चालू आहे" हे टीव्हीकडे बघून म्हणणं म्हणजे नळाला पाणी आहे म्हणून टाकी भरलीच असेल असं समजण्यासारखं आहे.

(तुमच्याकडे जाड काळ्या-पांढऱ्या वायरी आणि फिरवून बसवायच्या बीएनसी पिना असतील, तर तुमचा डीव्हीआर. इंटरनेटच्या केबलसारख्या वायरी असतील तर एनव्हीआर, म्हणजे त्याचाच नेटवर्कवर चालणारा भाऊ. पुढचं बरंचसं दोघांनाही लागू आहे.)

पहिला संशय कायम विजेवर घ्यायचा. डीव्हीआर 12 व्होल्टवर चालतो. त्याचा अडॅप्टर लॅपटॉपच्या चार्जरसारखा दिसतो आणि स्वस्त सेटमध्ये तो बहुतेक 2 अँपिअरचा असतो. रोजच्या कामाला तो कसाबसा पुरतो. पण हार्ड डिस्कची मोटर थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते, तेव्हा पहिले काही सेकंद ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. अडॅप्टर नवा असताना हा झटका सोसतो. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर त्याच्यातले कपॅसिटर फुगतात आणि मग ऐन झटक्याच्या वेळी व्होल्टेज कोसळतं. डीव्हीआर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, डिस्क पुन्हा फिरायचा प्रयत्न करते, पुन्हा कोसळतं. खोक्याला कान लावला तर आतून टक्... टक्... असा आवाज येतो. कॅमेरेवाला तो ऐकून "डिस्क गेली साहेब" म्हणतो आणि नव्या डिस्कचा भाव सांगतो. डिस्क खरोखरच गेलेली असूही शकते. पण आधी दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघा.

इथे मल्टीमीटर फसवतो. अडॅप्टर नुसताच प्लगला लावून पिनेवर मोजलात तर तो छान 12.1 दाखवतो, कारण त्याच्यावर भारच नसतो. माझाही दाखवत होता. वाकलेल्या म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने चालायला सांगून तब्येत ठणठणीत आहे म्हणावं, तसं ते. खरी परीक्षा तसाच, पण जरा जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावून बघण्याची. व्होल्ट मात्र 12च हवेत. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कारण यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. मी तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 12 व्होल्ट 3 अँपिअरचा आणला, 280 रुपयांना. लावल्यावर टकटक थांबली आणि मधूनमधून गायब होणारी डिस्क मेन्यूत कायम दिसायला लागली. डिस्कचा भाव ऐकून वडील दोन दिवस बोलत नव्हते, ते त्या संध्याकाळी बोलले.

आमच्या भागात बहुतेक गुरुवारी महावितरणची देखभाल असते, सकाळी लाइट जाते आणि दुपारी येते. अशक्त अडॅप्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. आठवडाभर फिरत असलेली डिस्क फिरतीच राहते, तिला पुन्हा सुरुवात करावी लागते ती लाइट आल्यावर. शिवाय येताना लाइट कधीकधी झटक्याने येते ते वेगळंच.

आता कॅमेऱ्यांची वीज. तिचा डबा वेगळा असतो: जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस, ज्यातून चारही कॅमेऱ्यांना 12 व्होल्ट जातात. दिवसा ठीक आणि अंधार पडला की काळा, अशी एका कॅमेऱ्याची तक्रार असेल तर कॅमेरा बदलायची घाई करू नका. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी पेटतात आणि करंट दोन-तीन पट वाढतो. वायर जितकी लांब आणि बारीक, तितके व्होल्ट वाटेत गळतात. आमच्या मागच्या गेटचा कॅमेरा एसएमपीएसपासून तीसेक मीटरवर आहे. डब्यापाशी 12.1 व्होल्ट. कॅमेऱ्यापाशी दिवसा 11.3. रात्री एलईडी पेटल्यावर 9.8. तेवढ्यात कॅमेरा बंद पडायचा. बंद पडला की भार जायचा, व्होल्ट वर यायचे, तो पुन्हा सुरू व्हायचा, एलईडी पुन्हा पेटायचे. रात्रभर डोळे मिटून उघडत बसायचा बिचारा.

यामागे बहुतेक वेळा वायर असते. बाजारात जिला थ्री प्लस वन म्हणतात, तिच्यात चित्राची एक वायर आणि विजेच्या तीन बारीक वायरी असतात. स्वस्त वायरीत त्या तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या निघतात आणि अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. टोक सोलून चाकूने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. आमच्याकडे तिन्हींपैकी एक वायर वापरलीच नव्हती, नुसती गुंडाळून ठेवलेली. ती दोन्ही टोकांना निगेटिव्हच्या वायरीला जोडली, तशी परतीची वाट रुंद झाली. रात्रीचं रीडिंग साडेदहाच्या जवळ आलं आणि कॅमेरा सकाळपर्यंत जागा राहिला. खर्च शून्य. फक्त एसएमपीएसच्या डब्यात 230 व्होल्ट येतात, तेव्हा मेन स्विच बंद केल्याशिवाय तिथे हात घालू नका, आणि सवय नसेल तर वायरमनलाच बोलवा.

वायरीबद्दल आणखी थोडंसंच. एका चॅनेलवर 'व्हिडिओ लॉस' येत असेल तर डीव्हीआरच्या मागच्या दोन पिनांची अदलाबदल करा. बिघाड पिनेबरोबर दुसऱ्या चौकोनात गेला तर दोष कॅमेऱ्यात किंवा वायरीत आहे, जागेवरच राहिला तर डीव्हीआरच्या त्या पोर्टमध्ये. दोन मिनिटांचं काम आणि अर्ध्या चर्चा मिटतात. नुसती टेप गुंडाळलेले उघड्यावरचे जॉइंट एका पावसाळ्यात हिरवे पडतात, त्यांना छोटी बंद डबी लागते. चित्रावर आडवे पट्टे वर-खाली सरकत असतील तर अर्थिंगमध्ये किंवा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या विजेत घोळ आहे.

आता डिस्क. तिथेच आमचं खरं नुकसान झालं होतं.

डीव्हीआरमधली डिस्क रात्रंदिवस लिहीत असते. वर्षाचे 8,760 तास. घरच्या कॉम्प्युटरची डिस्क एवढ्या कष्टासाठी केलेली नसते, म्हणून कंपन्या कॅमेऱ्यांसाठी वेगळ्या डिस्क काढतात. स्वस्त सेटमध्ये कॉम्प्युटरचीच डिस्क, आणि तीही कधीकधी वापरलेली, पुसूनपासून घातलेली असते. हे तपासता येतं. डीव्हीआरच्या मेन्यूत डिस्कच्या पानावर 'स्मार्ट' नावाची नोंद असेल तर तिच्यात 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली तो आकडा, बघा. परवा घेतलेली डिस्क 30,000 तास दाखवत असेल, तर ती तुमच्या घरी येण्यापूर्वी तीन वर्षांहून जास्त दुसरीकडे राबून आली आहे. हा आकडा पुसणारे महाभागही असतात. म्हणून डिस्कवरचा सिरियल नंबर डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते तेही बघावं.

किती दिवसांचं साठतं, हा हिशोब तोंडी करता येतो. चार कॅमेरे, प्रत्येकाचं सेटिंग 2 एमबीपीएस, म्हणजे एकूण 8 मेगाबिट दर सेकंदाला. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 1 एमबी. दिवसाचे 86,400 सेकंद, म्हणजे रोज 86 जीबी. 1 टीबी डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं लिहायला लागते. मेन्यूत एच.265 ही चित्र दाबायची पद्धत असेल तर तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत मावतं. दुकानदाराने "महिनाभराचं राहतं साहेब" सांगितलं असेल, तर त्याने नुसती हालचाल झाली की रेकॉर्ड करायचं सेटिंग धरलेलं असतं. त्या सेटिंगची एक गंमत सांगतो. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि बरोबर काचेसमोर जाळं विणतो. मग वाऱ्याने हलणारं ते पांढरंफेक जाळं रात्रभर 'हालचाल' म्हणून रेकॉर्ड होत राहतं. आमच्या पुढच्या कॅमेऱ्यात कोळ्याच्या संसाराचे कित्येक तास निघाले. केरसुणीला फडकं बांधून महिन्यातून एकदा जाळं काढायचं, एवढाच त्यावर इलाज.

डिस्क दिसत नसेल, तर डीव्हीआरचा प्लग काढून वरचं झाकण उघडा. अडॅप्टर बाहेर असेल तर आत 12 व्होल्टच येतात, त्यामुळे प्लग काढल्यावर भीती नाही. डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. डेटा केबल स्वस्तात मिळते, बदलून बघायला हरकत नाही. उघडलंच आहे तर धूळही झटका. आमच्या डीव्हीआरवर आईने धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातला होता. रुमाल सुंदर होता आणि झाकणाची सगळी भोकं त्याने बुजली होती. उष्णतेने डिस्क आणि कपॅसिटर दोघांचंही आयुष्य घटतं. रुमाल आता टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर आहे. तिथे मी लक्ष घातलेलं नाही.

डिस्कची गडबड असताना दोन ठिकाणी चुकीचं बटण दाबलं जातं. डीव्हीआर स्क्रीनवर विचारतो, डिस्क फॉरमॅट करू का? काहीतरी दुरुस्त होईल म्हणून आपण हो म्हणतो. दुसरं म्हणजे डिस्क काढून कॉम्प्युटरला लावतो. डीव्हीआरची लिहायची पद्धत विंडोजला बहुधा वाचता येत नाही, म्हणून तेही विचारतं, फॉरमॅट करू का? दोन्हीकडे नाहीच म्हणायचं. जुन्यावर नवं लिहिलं गेलं की ते परत येत नाही. चोरी, अपघात असं काही घडलं असेल तर आधी हवं ते पेनड्राइव्हवर काढा. काढता येत नसेल तर डीव्हीआर बंद करून ठेवा. दुरुस्ती नंतर.

आमच्या कोऱ्या कॅलेंडरचं कोडं मात्र अडॅप्टरने अर्धंच सुटलं. उरलेलं अर्धं चाळीस रुपयांच्या सेलने सोडवलं.

डीव्हीआरच्या बोर्डावर हाताच्या घड्याळात असतो तसला, नाण्याएवढा सीआर2032 सेल असतो, 3 व्होल्टचा. लाइट नसताना तारीख-वेळ जपायचं काम त्याचं. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं, आमच्या डीव्हीआरचं 1 जानेवारी 2000 वर जायचं. रेकॉर्डिंग होत राहतं, पण त्या तारखेच्या खाली. मी एप्रिलमधली रात्र शोधत होतो आणि ती पंचवीस वर्षांहून अधिक मागे जाऊन बसली होती. कॅलेंडर मागे सरकवत जानेवारी 2000 उघडला, तर तिथे 1 ते 4 तारखा भरलेल्या! म्हणजे गुरुवारी दुपारी लाइट आल्यापासून रविवारपर्यंत सगळं होतं. त्यानंतर अडॅप्टरने मान टाकली आणि डिस्क गळाली. नळ गेला मंगळवारी रात्री. टीव्हीच्या कोपऱ्यात 2000 साल आठवडाभर दिसत होतं, आम्हा चौघांपैकी एकानेही वाचलं नव्हतं.

सेल बदलायचा, तारीख घालायची आणि टाइम झोन जीएमटी अधिक 5:30 आहे ना बघायचं. काही खोकी चीनची वेळ घेऊन येतात, जीएमटी अधिक 8. मग सगळं रेकॉर्डिंग अडीच तास पुढे दिसतं आणि सकाळी सातचा दूधवाला साडेनऊला येतो. काही बोर्डांवर सेल डाग देऊन बसवलेला असतो, तो दुकानातून बदलून घ्यावा.

वेळेचं एवढं कौतुक का, ते पोलिस फुटेज मागतात तेव्हा कळतं. डीव्हीआरची वेळ चुकलेली असेल तर ती लगेच दुरुस्त करू नका. आधी टीव्हीवरची वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलवरची वेळ असा एकच फोटो काढा. फरक किती होता याचा तो पुरावा. फुटेज मूळ फाइलच्या रूपात काढा. टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेला व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवायला ठीक, पण त्याला मूळ फाइलची सर नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी हेच जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 65-ब म्हणून ओळखलं जायचं. त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंगठाच म्हणा, नोंदवायची असते. कोणती फाइल, कधी, कोणासमोर काढली एवढं आपण वहीत लिहून ठेवलं तरी पुढचं काम सोपं जातं.

मोबाइलवर दिसत नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि बहुतेक वेळा तिचा डीव्हीआरशी संबंध नसतो. राउटर बदलला, वायफायचं कंत्राट बदललं, केबल निघाली, यातलं काहीतरी असतं. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. पण इंटरनेट जोडलेलं असेल तर पासवर्ड मात्र आजच बदला. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातले असे डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला त्याच फौजेच्या हल्ल्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. डीव्हीआर बंद-चालू केला की मिराय मेमरीतून जायचा आणि पासवर्ड तोच असला की थोड्या वेळात परत यायचा. आमच्या डीव्हीआरला नाव 'अॅडमिन' आणि पासवर्ड एक ते सहा आकडे ओळीने. बसवणाऱ्याने झाकणावर स्केचपेनने लिहूनही ठेवला होता, विसरू नये म्हणून. एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. पण माळ्याखालच्या जुन्या खोक्याची चाचणी घ्यायला कोणी येत नाही.

दुकानाबद्दल. ज्याने बसवलं त्याने फोन उचलला, "उद्या येतो" म्हणाला आणि तो उद्या अजून यायचा आहे. आमच्याकडे बिल नव्हतं, कच्च्या चिठ्ठीवर नुसती रक्कम. त्यामुळे मला बोलायला तोंडच नव्हतं. तुमच्याकडे पक्कं बिल असेल तर डीव्हीआर आणि डिस्क यांची वॉरंटी वेगवेगळी असते, दोन्हींचे सिरियल नंबर बिलावर आहेत का ते आधी बघा. दुकानदार टोलवत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. म्हणजे माल मुंबईहून मागवला असला तरी पुण्यातच.

दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं? अडॅप्टर, सेल, केबल, डिस्क यांतलं काही असेल तर डोळे झाकून दुरुस्त करा. बोर्डच गेला असेल तर स्वस्त डीव्हीआरवर पैसे घालू नका, खोकं बदला. कॅमेरे आणि वायरी राहू द्या, नव्या डीव्हीआरला ते बहुतेक चालतात. फक्त तुमच्या कॅमेऱ्याचा प्रकार आणि मेगापिक्सेल दुकानात सांगा. जुनी डिस्क नव्या खोक्यात घातली की ते ती फॉरमॅट करायला मागेल, तेव्हा लागेल ते आधीच काढून ठेवा.

माझं सगळं मिळून 280 अधिक 40, झाले 320 रुपये. अंगणात आता प्लॅस्टिकचा नळ आहे. गुरुवारी दुपारी लाइट आली की मी टीव्हीसमोर बसतो आणि आदल्या रात्रीचं कुठलंही अर्धं मिनिट लावून बघतो, तारखेसकट. परवाच्या गुरुवारी असंच लावलं तर पहाटे 3 वाजून 12 मिनिटांनी माझ्या स्कूटरच्या नव्या सीट कव्हरवर काकूंचा बोका निवांत नखं घासत होता. काकूंना अजून दाखवलेलं नाही. फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवली आहे.